पुन्हा उभ्या केलेल्या पाणथळ पार्कात जायचंय? चालत आणि कयाकने कसं फिरायचं ते सविस्तर

पाणथळ जागेत पहिल्यांदा जाणारे बहुतेक लोक नकाशा बघून प्लॅन करतात. निळं दिसतंय तिथे कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) घालायची, तुटक रेघ दिसतेय तिथून चालायचं, झालं. मीही पहिल्यांदा असंच केलं होतं. नकाशात जिथे मस्त रुंद निळा पट्टा होता तिथे प्रत्यक्षात वीतभर पाणी आणि खाली लोण्यासारखा चिखल, कयाक अशी बसली की तासभर हलली नाही, आणि ज्या पक्ष्यांना बघायला गेलो होतो ते माझ्या धडपडीने केव्हाच उडून गेले. त्या दिवसापासून मी नकाशा नंतर बघतो, आधी पाण्याची चौकशी करतो. ते आज कुठे आहे, किती आहे, चढतंय की उतरतंय आणि कोणाच्या हातात आहे. ही उत्तरं मिळाली की बाकीचं प्लॅनिंग आपोआप होत जातं, म्हणून या लेखात सगळं त्याच क्रमाने लिहितोय.

आधी जागा समजून घ्या

१९७१ साली २ फेब्रुवारीला इराणमधल्या रामसर गावात पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातली व्याख्या चांगलीच ऐसपैस आहे. नैसर्गिक असो की माणसाने केलेली, पाणी कायमचं असो की काही महिन्यांपुरतं, साचलेलं की वाहतं, गोडं, मचूळ किंवा खारं, सगळं त्यात येतं, ओहोटीच्या वेळी ६ मीटरपेक्षा जास्त खोल नसलेलं समुद्राचं पाणीसुद्धा. म्हणजे 'पाणथळ' एवढ्या एका शब्दावरून तिथे गेल्यावर काय समोर येणार ते कळत नाही.

पुन्हा उभी केलेली पाणथळ म्हणजे जिचं पाणी आधी कोणीतरी काढून घेतलं होतं. चर खणून शेतीसाठी कोरडी केली, बांध घालून भरतीचं पाणी अडवलं, नाहीतर नदीला सरळ कालव्यात कोंबलं. मग काही वर्षांनी लोकांना कळलं की आपण काय घालवलंय आणि ते उलटं करायला घेतलं, म्हणजे चर बुजवले, बांध फोडले, दरवाजे बसवून पाणी परत आत घेतलं. झाडं लावणं हा या कामाचा दुय्यम भाग. खरं काम पाणी परत आणण्याचं, कारण मातीत जुन्या पाणवनस्पतींचं बी कित्येक वर्षं, कधी कधी दशकंसुद्धा जिवंत पडून असतं आणि योग्य खोलीचं पाणी आलं की स्वतःहून उगवतं.

कुठल्या पद्धतीने जागा परत आणली त्यावर तुमची ट्रिप कशी होणार ते ठरतं. फ्लोरिडातली किसिमी नदी घ्या. सुमारे १६६ किलोमीटरची वळणावळणाची नदी १९६२ ते १९७१ या काळात जवळपास ९० किलोमीटरच्या सरळ कालव्यात बंद केली, काठची पूरमैदानं वाळली, हिवाळ्यात येणारी बदकं जवळजवळ नाहीशी झाली. मग १९९९ पासून कालव्याचा मोठा भाग परत मातीने भरायला सुरुवात झाली आणि २०२१ मध्ये ते बांधकाम संपलं. अशा जागी तुम्हाला जुनी वळणं, हळू प्रवाह आणि पुराप्रमाणे बदलणारे काठ मिळतात. ओडिशातल्या चिलिका सरोवराची गोष्ट वेगळी, तिथे समुद्राकडचं तोंड गाळाने बुजत चाललं होतं, १९९३ मध्ये ते रामसरच्या धोक्यातल्या यादीत गेलं, २००० मध्ये नवं मुख उघडलं आणि २००२ मध्ये ते त्या यादीतून बाहेर आलं. समुद्राला जोडलेल्या जागेत भरती-ओहोटी हाच मालक. आणि लंडनमध्ये जुन्या व्हिक्टोरियन काळातल्या चार पाणीसाठ्यांच्या जागी २००० साली पाणथळ केंद्र सुरू झालं, तिथे पाण्याची पातळी माणसं सांभाळतात आणि बघणं चालत, लपणींमधूनच (पक्ष्यांना न दिसता बसून बघायच्या खोप्यांमधून) होतं. म्हणून कुठल्याही पार्कचा पहिला प्रश्न हाच, की इथलं पाणी नदी ठरवते, समुद्र ठरवतो की दरवाजा.

निघण्याआधी फोन करा, खरंच करा

वेबसाईटवर वेळा आणि नियम असतात, पण आजचं पाणी नसतं. फोनवर माणूस मिळाला की मी हे विचारतो: आत्ता कुठल्या भागात होडी चालतेय, कुठला भाग बंद आहे, आणि पाणी मुद्दाम उतरवलंय का. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. दरवाजे असलेल्या पाणथळीत ठराविक काळात पाणी हेतुपुरस्सर उतरवतात, कारण चिखल उघडा पडला की चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना जेवण मिळतं आणि बरंच बी रुजायला उघडी ओली माती लागते. त्या काळात पक्षी बघायला चालत गेलात तर स्वर्ग, आणि कयाक घेऊन गेलात तर ती गाडीवरून उतरवायचीसुद्धा गरज नाही. एकच दिवस, एकच जागा, पण दोन माणसांसाठी दोन टोकं.

बंद भाग बहुतेक वेळा घरट्यांमुळे असतो. काही ठिकाणी जुनं गवत नियंत्रित पद्धतीने जाळतात, काही देशांत ठराविक मोसमात काही पाणथळींमध्ये शिकारीला परवानगी असते, तेही विचारून घ्या, कारण त्या दिवसात तिथे वल्हवत जाणं धोक्याचं आहे. शिवाय परमिट लागतं का, स्वतःची होडी आणता येते का की तिथलीच भाड्याने घ्यावी लागते (बाहेरून नको असलेल्या वनस्पती येऊ नयेत म्हणून काही ठिकाणी बाहेरच्या होड्या घेतच नाहीत), कुत्रा चालतो का, पाण्यावर एकट्याला सोडतात का. पाच मिनिटांचा फोन असतो.

वेळ ठरवताना वारा बघा. खोली कमी म्हणून पाणथळ सुरक्षित, असं वाटतं पण उथळ आणि उघड्या पाण्यावर वाऱ्याने लाटा फार पटकन उठतात, आखूड आणि उभ्या लाटा, ज्यात नवख्या माणसाची कयाक लगेच डुगडुगायला लागते. बऱ्याच ठिकाणी सकाळी वारा कमी आणि दुपारनंतर वाढत जातो, म्हणून मी पहाटे पाण्यात उतरतो. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं आणि येताना वारा पाठीशी घ्यायचा. उलटं केलंत तर दमलेल्या हातांना परतीचं काम दुप्पट.

भरतीच्या जागी तक्ता हातात पाहिजेच. भरती साधारण सहा तासांत चढते पण एकसारखी नाही, पहिल्या आणि शेवटच्या तासात पाणी थोडंच हलतं आणि मधल्या दोन तासांत मिळून जवळजवळ निम्मं हलतं. म्हणजे ओहोटी लागून दोन तास झाले की पाणी अक्षरशः पायाखालून निघून जातं आणि ज्या खाडीतून आत गेलात तिथे गाळाचा ओढा उरतो. माझा हिशोब असा असतो: पूर्ण भरतीच्या साधारण दोन तास आधी उतरायचं, चढत्या पाण्याबरोबर आत जायचं, आणि पूर्ण भरतीला किंवा त्याआधीच तोंड फिरवायचं. उधाणाच्या दिवसात (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) पाणी जास्त आत येतं आणि तितकंच जोरात बाहेर जातं, भांगाच्या दिवसात (अष्टमीच्या आसपास) सगळं सौम्य असतं, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने भांगाचे दिवस निवडावेत. एक सूचना, तक्त्यातली वेळ बंदराची किंवा मुखाची असते, आतल्या खाड्यांमध्ये भरती उशिरा पोचते, किती उशिरा ते तिथल्याच माणसाला विचारा.

सामान

होडीचं आधी. अरुंद, वळणाच्या वाटा असतील तर आखूड कयाक बरी, तीन मीटरच्या आसपासची, पटकन वळते. मोठं उघडं पाणी ओलांडायचं असेल तर लांब कयाक सरळ जाते आणि वाऱ्यात कमी त्रास देते. नवख्यांसाठी वरून बसायची, उघडी कयाक चांगली, कारण उलटली तरी आत पाणी भरत नाही आणि परत चढता येतं. मला स्वतःला पाणथळीत कॅनू (वरून उघडी, एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची होडी) जास्त आवडते, उंच बसायला मिळतं आणि लव्हाळ्यांच्या वरून थोडं पलीकडचं दिसतं, फक्त वाऱ्यात ती पाल्यासारखी भरकटते. हवा भरायची होडी नेणार असाल तर लक्षात ठेवा, जिथे पूर्वी झाडं होती आणि नंतर पाणी भरलं तिथे पाण्याखाली बुंधे असतात, कुठे जुनी कुंपणाची तारसुद्धा असते.

लाईफ जॅकेट घालायचं, होडीत मागे ठेवायचं नाही. सगळे पट्टे आवळून, खांद्याजवळ धरून वर ओढलं तर हनुवटीच्या वर जाता कामा नये. त्याला शिट्टी बांधा, दाट गवतात आवाज दिला तर ऐकू जात नाही पण शिट्टी जाते. कपडे हवेच्या नाही, पाण्याच्या तापमानाचा विचार करून घाला. थंड पाण्यात अचानक पडलं की पहिला मिनिटभर श्वास आपोआप जोरजोरात ओढला जातो, तेव्हा नाकातोंडात पाणी जायचा धोका असतो, आणि हे वरून छान ऊन पडलेलं असतानाही होतं.

पायात बांधता येणारे बूट हवेत. स्लीपर चिखल पहिल्याच पावलात गिळतो आणि गमबूट होडीतून पडलात तर पाण्याने भरून जड होतात. ते पायवाटेसाठी ठेवा. फोन आणि चाव्या वॉटरप्रूफ पिशवीत, ती पिशवी होडीला बांधलेली. जास्तीचं वल्हं असेल तर उत्तम. पिण्याचं पाणी वाटतं त्याच्या दुप्पट न्या, उघड्या पाणथळीत सावली नसते आणि पाण्यावरून परावर्तित ऊन खालूनही लागतं. टोपी, लांब बाह्या, डासांचं औषध. दुर्बीण ८ पट मोठं दाखवणारी, ८ बाय ४२ म्हणतात ती. हलत्या होडीत १० पटीची हातात स्थिर राहत नाही, चित्र नाचतं.

पहिला तास पायी

कितीही उतावीळ झालात तरी आधी पायवाट चाला. निरीक्षण मनोरा असेल तर थेट वर चढा आणि पाच-दहा मिनिटं नुसतं बघत बसा. वरून कळतं की उघडं पाणी कुठे, जलपर्णीने कुठला फाटा बुजलाय, पक्षी कुठे जमलेत (म्हणजे तुम्हाला कुठून जायचं नाहीये), वारा पाण्यावर कुठल्या बाजूने सुरकुत्या काढतोय. फोटो काढून ठेवा, पाण्यात खाली बसल्यावर लव्हाळ्यांच्या भिंतींशिवाय काही दिसत नाही तेव्हा तो फोटो कामाला येतो.

पाणथळीतली पायवाट दोन प्रकारची, एक फळ्यांची आणि दुसरी बांधावरची. फळ्यांची वाट पहाटे दवाने आणि शेवाळाने घसरडी असते, खासकरून सावलीतल्या वळणांवर, तिथे पाऊल पूर्ण टेकवून छोटी पावलं टाका. फळ्यांवरून खाली उतरू नका, एका फोटोसाठीही नाही. वरून घट्ट दिसणारं हिरवं बऱ्याचदा मुळांचा तरंगता गालिचा असतो आणि खाली पाणी. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे ही जमीन अजून बरी होतेय. ओल्या मातीत पाय पडला की ती दबते, तिच्यातल्या हवेच्या आणि पाण्याच्या जागा बंद होतात, नवीन रुजलेली रोपं मोडतात, आणि मागून येणारा तुमच्या पावलांचे ठसे बघून ती वाटच समजतो. चार जणांनी केलं की नवा चर तयार, आणि चर म्हणजे पाणी परत वाहून जायला रस्ता. लोकांनी वर्षानुवर्षं खपून जे चर बुजवले तेच आपण पायांनी परत खणायचे, हे मला सहन होत नाही.

पीटची जमीन असेल तर आणखी जपून. पीट म्हणजे पाण्याखाली नीट न कुजलेल्या वनस्पतींचा थर, तो साधारण वर्षाला एक मिलिमीटर या वेगाने वाढतो, म्हणजे बुटाने उखडलेला दोन-तीन सेंटीमीटरचा थर भरून यायला वीस-तीस वर्षं. जगाच्या जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग पीटचा आहे पण त्यात सगळ्या जंगलांमधल्या झाडझाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन साठलेला आहे, आणि तो पाणी आहे तोपर्यंतच आत राहतो.

बांधावरची वाट कोरडी आणि सोपी, पण कडेने चालू नका, आत प्राण्यांनी बिळं केलेली असतात आणि कडा ढासळते. काही पक्षी बांधाच्या उघड्या खडीवरच अंडी घालतात, रंग इतका मिळताजुळता की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. एखादा पक्षी तुमच्या पुढे पुढे पंख मोडल्यासारखा फडफडत पळायला लागला तर तो जखमी नाही, तुम्हाला घरट्यापासून लांब नेतोय. जिथून आलात त्याच रेषेत मागे फिरा.

लपणीत गेलात तर दार हळू लावा, खिडकीतून हात बाहेर काढून दाखवू नका, कुजबुज चालते. किमान वीस मिनिटं बसा. पहिल्या पाच मिनिटांत काही दिसत नाही म्हणून उठून जाणारे बरेच असतात, आणि ते गेल्यावर लव्हाळ्यातून पाणकोंबडी बाहेर येते.

पाण्यात उतरताना

ठरवून दिलेल्या जागेवरूनच उतरा, काठ फोडून नवा उतार करू नका. होडी पाण्यात टाकण्याआधी तिच्या तळाला, दोऱ्यांना, बसायच्या खाचांना आधीच्या ठिकाणचा पाला चिकटलाय का ते बघून काढा. मग होडी धक्क्याला समांतर लावा, वल्हं हाताशी ठेवा, धक्क्यावर बसून दोन्ही पाय होडीच्या मधोमध ठेवा आणि अंग खाली ठेवूनच सरका. बहुतेक लोक पाण्यात पडतात ते इथेच, उभं राहून एक पाय टाकताना. बसल्यावर काठाजवळच पाच मिनिटं पुढे, मागे, वळणं, थांबणं करून बघा. मागे वल्हवणं नीट यायलाच हवं, पाणथळीत ते पुढे जाण्याइतकंच लागतं.

निघण्याआधी काठावर कोणाला तरी सांगून ठेवा, कुठून जाणार आणि किती वाजता परत येणार. फोनमध्ये मार्ग नोंदवणं सुरू करा. मग प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून बघा, कारण परतताना तीच जागा उलट्या बाजूने वेगळीच दिसते, लव्हाळ्यांच्या भूलभुलैयात माणसं हरवतात ती याच कारणाने. एखादं वाळलेलं झाड, मनोरा, विजेचा खांब, असं काहीतरी उंच डोक्यात ठेवा. गवताला गाठी मारून खुणा करू नका. हातातल्या वेळेपैकी एक तृतीयांश संपला की परत फिरायचं, बाकीचे दोन भाग वारा, दमणूक आणि चुकलेल्या वळणांसाठी.

खोली वल्ह्याने मोजत चला. वल्ह्याचं पातं पूर्ण बुडायच्या आत गाळाला लागतंय तर पुढे अजून उथळ असणार, तिथेच फिरा. पाणवनस्पतींच्या तरंगत्या गालिच्यावर जोर लावून होडी घुसवू नका. पुढून आत जाता येतं पण मागे येताना तोच पाला वल्ह्यात आणि तळाशी अडकतो, शिवाय टिबुकलीसारखे पक्षी तरंगत्या पाल्यावरच घरटं करतात, ते तुम्हाला नुसतं कुजक्या पाल्याचं ढिगुळ वाटेल. घरट्यांच्या जवळून जोरात वल्हवलं तर लाटेनेही नुकसान होतं.

गाळात अडकलात तर खाली उतरू नका, ही पहिली आणि शेवटची गोष्ट. आधी वजन मागे न्या म्हणजे पुढचं टोक सुटतं, कंबरेने होडी डावी-उजवी हलवा आणि मागे वल्हवा. वल्हं गाळात खुपसून रेटताना जपून, ते रुतून बसतं आणि होडी पुढे गेली की तुम्ही वल्ह्याला धरून मागे राहता. भरती चढत असेल तर नुसते बसून राहा, पाणी सोडवेल. आणि पाय अडकलाच तर ओढू नका, जितका जोरात ओढाल तितका चिखल घट्ट धरतो. होडी छातीशी घ्या, अंगाचं वजन होडीवर आडवं टाका, पाय हळूहळू गोल फिरवा म्हणजे बाजूने पाणी आत शिरतं आणि पकड सुटते. होडी उलटली तर कमरेएवढ्या पाण्यातही लगेच उभं राहायला जाऊ नका, त्याच कारणाने. आडवे तरंगा, होडी धरून ठेवा, पाय मारत कठीण काठाकडे जा.

पक्ष्यांपासून किती लांब

कयाकबद्दल एक मोठा गैरसमज आहे, की इंजिन नाही, आवाज नाही, म्हणजे पक्ष्यांना त्रास नाही. खरं तर कयाक शांतपणे, अगदी उथळात, मोटारबोट जाऊच शकत नाही तिथपर्यंत पोचते आणि पक्ष्याला ती दिसते तेव्हा फार जवळ आलेली असते. तो घाबरून एकदम उठतो आणि त्याच्याबरोबर सगळा थवा उठतो. लांबून स्थलांतर करून आलेल्या पक्ष्यासाठी प्रत्येक उड्डाण म्हणजे खर्च झालेली चरबी, आणि घरट्यावरून उठलेला पक्षी म्हणजे उन्हात किंवा थंडीत उघडी पडलेली अंडी, वर टपलेले कावळे आहेतच.

पार्कचा आकडा असेल तर तो पाळा, नसेल तर मी थव्यापासून निदान १०० मीटर आणि घरट्यांच्या वसाहतीपासून त्याहून जास्त अंतर ठेवतो. पण आकड्यापेक्षा पक्ष्याकडे बघायला शिका. चरणारा पक्षी चरायचं थांबला आणि मान ताठ केली, तिथेच तुमची हद्द संपली. सगळे एकाच दिशेने सरकायला लागले, माना वर-खाली करायला लागले की पुढचं पाऊल उड्डाण. थांबा, वल्हं खाली ठेवा, वाऱ्याने किंवा हळू मागे वल्हवत दूर जा. थेट त्यांच्या दिशेने टोक करून जाऊ नका, तिरकं, बाजूने जा. मी तर बहुतेक वेळा कडेला थांबून राहतो आणि पक्षी माझ्या दिशेने आले तर येऊ देतो, असं बघण्यात जे मिळतं ते पाठलागात कधीच मिळालं नाही.

खायला टाकू नका. ब्रेड पाण्यात कुजतो, पाणी नासतं, पक्षी एका जागी गर्दी करतात आणि रोग पसरतो. रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून पक्षी बोलावणं आणि ड्रोन, दोन्ही नकोत.

धोके

वीज सगळ्यात मोठा, कारण सपाट पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्ही. गडगडाट ऐकू आला की बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत उतरायचं नाही. एकट्या उंच झाडाखाली किंवा मनोऱ्यावर आसरा घेऊ नका.

पाण्यावर रंग सांडल्यासारखा हिरवा किंवा निळसर तवंग दिसला तर त्यात हात घालू नका, कुत्र्यालाही जाऊ देऊ नका, निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विष तयार करतात. अंगावर उघडी जखम असेल तर पाण्यात उतरू नका, प्राण्यांच्या मूत्रातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस जखमेतून शिरतो, आणि ट्रिपनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पाणथळीत गेलो होतो हे आवर्जून सांगा. गवतातून चाललात तर गोचीड बघा, गुडघ्यामागे, कमरेशी, केसांत. साप बहुतेक वेळा आपल्या आधी निघून जातात, फक्त लोंबत्या फांद्यांखालून होडी नेऊ नका आणि न बघता हात कुठे घालू नका. मगरी असलेल्या देशात असाल तर पार्कने पाण्यात उतरायला परवानगी दिलेल्या भागाबाहेर एक मीटरही नाही.

लहान मुलं असतील तर पाण्यावर पाऊण तास पुरे, त्याहून जास्त वेळ पायवाटेवर घालवा, मुलांना खरं तर बेडूक आणि चतुर फळ्यांवर पालथं झोपूनच छान दिसतात.

परत आल्यावर

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात, पण पुन्हा उभ्या केलेल्या जागेला सगळ्यात मोठं नुकसान इथूनच होतं. बऱ्याच पाणवनस्पती बोटभर तुकड्यातून नव्याने उगवतात, जलपर्णी तर थोड्याच आठवड्यांत अख्खा ओढा झाकते, आणि शिंपल्यांची पिल्लं होडीतल्या उरलेल्या पाण्यात डोळ्यांना न दिसता दुसऱ्या तळ्यात पोचतात. बुटांच्या चिखलातून बेडकांना मारणारी बुरशीसुद्धा जाते. म्हणून काठावरच होडी उलटी करून सगळं पाणी काढा, तळ, वल्हं, दोऱ्या, लाईफ जॅकेटच्या घड्या हाताने तपासा, पाला तिथेच कोरड्यावर टाका, बुटांच्या तळव्यातला चिखल ब्रशने काढा. घरी आल्यावर धुवून सगळं उन्हात पूर्ण वाळवा, आणि पूर्ण म्हणजे शिवणींच्या आतूनही. दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी मधे काही कोरडे दिवस जाऊ द्या.

तुटलेली फळी, मेलेले मासे, नवीन पसरलेला परका पाला, काही दिसलं असेल तर पार्कला कळवा, एवढी मोठी जागा रोज फिरून बघायला त्यांच्याकडे माणसं नसतात. पक्ष्यांची यादी ई-बर्डवर टाका, बाकी जीव आय-नॅचरलिस्टवर (दोन्ही निसर्गनोंदींच्या वेबसाईट), घरट्याची नेमकी जागा मात्र लिहू नका. आणि एक सवय लावून घ्या, पाण्याची पातळी दाखवणारी आखलेली पट्टी बहुतेक पार्कांत दरवाज्याजवळ किंवा धक्क्याला असते, तिचा आकडा तारखेसह लिहून ठेवा आणि त्या दिवशी कुठपर्यंत होडी गेली तेही. माझ्या वहीत एका पार्कची अशी चौदा पानं झालीत. जिथे त्या पहिल्या दिवशी तासभर अडकलो होतो तो पट्टा पट्टीवर किती पाणी असलं की उघडतो ते आता मला माहितीये, आणि पट्टीवरचा आजचा आकडा फोन करून विचारल्याशिवाय मी होडी गाडीवर चढवत नाही.